चिपळुणात जन्मले, पडद्यावर गेले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. निवृत्तीच्या आधी एक काम हौसेनं अंगावर घेतलं : चिपळूण तालुक्यात जन्मलेल्या आणि नाटक, सिनेमा, टीव्ही यांवर पोट भरलेल्या माणसांची यादी. दोन फुलस्केप कागद भरले. ते सूचनाफलकाशेजारी डकवले. वाटलं, येता-जाता पोरं वाचतील. पोरांनी कमी वाचली, पालकांनी जास्त. तेव्हापासून भाजीबाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत मला गाठून तेच ते विचारलं जातं. पंगतीत उत्तर देताना भात गार होतो, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतो.

यादीत बसायला नेमकं काय लागतं?

दोन गोष्टी. जन्म चिपळूण शहरात किंवा तालुक्यात झालेला असावा, आणि या धंद्यातून पैसे मिळवलेले असावेत. नटच असावा अशी सक्ती नाही. लेखक, संगीतकार, रंगभूषाकार, कॅमेऱ्याच्या ट्रॉलीला हात लावणारा, सेटला रंग मारणारा, सगळे चालतात. श्रेयनामावलीत ज्याचं नाव वाचेपर्यंत वर सरकून जातं, त्याच्यासाठी तर मुद्दाम जागा ठेवली आहे.

हौशी मंडळी मात्र यात नाहीत. यावरून माझ्याशी चांगली भांडणं झाली. एका घरातल्या आजोबांनी चाळीस वर्षं नमनात, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, संकासुर केला होता. नातू म्हणाला, 'आमच्या आज्यापेक्षा मोठा नट दाखवा.' मला दाखवता आला नाही. पण आजोबांनी त्या कामाचा नारळ घेतला होता, पैसे नव्हते घेतले. यादी पैशांची आहे, नारळांची नाही. नारळांची केली असती तर भिंत पुरली नसती.

पण जन्मच का? गाव, शिक्षण, वास्तव्य का नाही?

सोय म्हणून. जन्म एकदाच होतो, त्याची नोंद असते, वाद कमी होतील असं वाटलं. उलट वाढले.

कारण आपल्याकडची रीत. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरायची, लेकीला माहेरी आणायचं, आणि बाळ सव्वा-दोन महिन्यांचं झालं की आई-बाळाची सासरी पाठवणी. म्हणजे जन्मगावाच्या रकान्यात जे गाव येतं ते पुष्कळदा आईचं माहेर असतं. बापाचं गाव वेगळं, वाढलेला भलतीकडे. वडील राजापूरचे, बिऱ्हाड गिरगावातल्या चाळीत, शाळा-कॉलेज मुंबईत, आणि जन्म मात्र चिपळुणातल्या एखाद्या आळीत, आजीच्या माजघरात. असा माणूस माझ्या यादीत बसतो. चिपळूणशी त्याचा संबंध मे महिन्याच्या सुट्टीपुरता. आणि ज्याचं उभं आयुष्य इथल्या वाशिष्ठीच्या काठावर गेलं, पण आई कऱ्हाडची, तो यादीबाहेर.

मी स्वतःही बाहेरच. आई राजापूरची, मी तिथला जन्मलेला. दोन महिन्यांचा असताना चिपळुणात आलो तो अजून इथेच आहे.

त्यात आता आणखी एक गंमत झाली आहे. गुहागर, संगमेश्वर, खेडकडच्या बायका बाळंतपणाला चिपळूण नाहीतर डेरवणला दवाखान्यात येतात. तिसऱ्या दिवशी बाळ घरी जातं, दाखल्यावर मात्र आमचा तालुका. पंचवीस-तीस वर्षांनी माझ्यासारखा कुणी यादी करायला बसला तर त्याला चिपळुणात एकदम कलावंतांचा पूर आलेला दिसेल. (पूर हा शब्द आम्ही इथे जपून वापरतो, त्याचं पुढे येईलच.)

म्हणून मी नंतर एक रकाना वाढवला : 'आईचं माहेर'. तो भरताना जेवढं कळलं तेवढं बाकीच्या सगळ्या रकान्यांनी मिळून सांगितलं नाही.

आणि 'मूळचा कोकणातला' म्हणतात ते?

तो तिसराच हिशेब. कोकणात 'गाव कुठलं?' असं विचारलं की जन्म कुठे झाला हे कुणी सांगत नाही. ग्रामदैवत कुठलं, गणपती कुठे बसतो, पालखी कुणाच्या अंगणात येते, ते सांगायचं. परळच्या इस्पितळात जन्मलेला, लालबागला वाढलेला नट मुलाखतीत 'मी कोकणातला' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. गिरणगावातली निम्मी रंगभूमी अशाच माणसांच्या खांद्यावर उभी राहिली. पण त्यांची यादी करायची तर मुंबईत बसून करावी लागेल, आणि मी चिपळुणात बसलो आहे.

डॉ. काशिनाथ घाणेकर खरंच चिपळूणचे?

हो. सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच, आणि 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' हा चित्रपट २०१८ मध्ये आल्यावर तर विचारणाऱ्यांची रांग लागली. जन्म चिपळूणचा, दातांचे डॉक्टर झाले मुंबईत, आणि नंतर लोकांनी त्यांच्याकडे दात दाखवायला जायचं सोडून तिकिटं काढायला सुरुवात केली.

वसंत कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२ साली आलं. त्यातला संभाजी घाणेकरांनी केला आणि मराठी नाटकाला पडद्यासारखा 'स्टार' मिळाला. पुढे 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या. नाटकाच्या जाहिरातीत सगळ्या नटांची नावं झाली की शेवटी 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर'. ते 'आणि' आणि त्यापुढची तीन टिंबं एवढ्यावर हाऊसफुल्लचा बोर्ड लागायचा. चित्रपटाचं नाव तिथूनच घेतलं आहे. पडद्यावर 'पाठलाग' (१९६४), 'मधुचंद्र' (१९६७), 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६). पाठलागवरून हिंदीत 'मेरा साया' निघाला. १९८६ साली, नाटकाच्या दौऱ्यावर असताना, अमरावतीत त्यांचं निधन झालं.

मला यात एक गोष्ट फार आवडते. छत्रपती संभाजी महाराजांना १६८९ साली मोगलांनी पकडलं ते कसबा संगमेश्वरला. चिपळूणहून, हायवे ज्या दिवशी शहाण्यासारखा वागेल त्या दिवशी, तासाभराचा रस्ता. म्हणजे ज्या भूमिकेनं या माणसाला मोठं केलं, त्या राजाच्या आयुष्यातली सगळ्यात काळी घटना त्याच्या जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर घडली होती. रंगमंचावर त्यांनी 'गारंबीचा बापू'सुद्धा केला, आणि गारंबी दापोली तालुक्यातली. कादंबरीकार श्री. ना. पेंडसे यांचा जन्मही त्याच तालुक्यातल्या मुर्डीचा. घाणेकर मुंबईला गेले ते गेले, पण भूमिका त्यांना परत परत याच दोन-तीन तालुक्यांत आणत राहिल्या असं मला वाटतं. योगायोग म्हणा हवं तर.

मामा वरेरकर नाटककार होते. सिनेमाच्या यादीत त्यांना कशाला घातलं?

मुद्दाम घातलं. भार्गवराम विठ्ठल वरेरकर, जन्म चिपळूण, १८८३. टपाल खात्यात नोकरी केली. 'हाच मुलाचा बाप'मध्ये हुंड्याला हात घातला, १९२२ साली 'सत्तेचे गुलाम' दिलं. पुढे राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले, १९५९ साली पद्मभूषण मिळालं. एवढं शाळेत शिकवतात. शिकवत नाहीत ते हे की बोलपट आल्यावर नाक मुरडणाऱ्यांतले ते नव्हते. मास्टर विनायकांनी दिग्दर्शक म्हणून पहिला बोलपट केला तो 'विलासी ईश्वर' (१९३५), आणि त्याचं लेखन मामांचं.

तेव्हाचे सिनेमाचे बहुतेक लेखक नाटक-साहित्यातूनच आले. शिरोड्याच्या शाळेत शिकवत असताना वि. स. खांडेकरांनी मास्टर विनायकांसाठीच 'छाया'ची (१९३६) कथा लिहिली. सिनेमाला गोष्ट हवी होती आणि गोष्टी कोकणातल्या मास्तरांकडे, टपाल कारकुनांकडे पडून होत्या. म्हणून लेखकांना यादीत वरचा नंबर.

नाना पाटेकर का नाहीत?

जन्म मुरुड-जंजिऱ्याचा, रायगड जिल्हा. 'मुरुड आपल्याच जिल्ह्यात आहे' असं सांगणाऱ्यांसाठी : आपल्या दापोली तालुक्यात आहे ते वेगळं मुरुड, महर्षी कर्व्यांचं. जंजिरा किल्ला असतो ते मुरुड नानांचं. दरवर्षी किमान तिघे जण या दोन मुरुडांत अडकतात.

शेजारच्या तालुक्यांतली मंडळी तरी घ्यायची होती.

घेतली नाहीत, पण वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहेत, कारण लोक विचारायचे थांबत नाहीत.

गुहागरचे जयंत सावरकर. सहा दशकं रंगभूमीवर, मग चित्रपट आणि मालिका, २०१७ साली उस्मानाबादच्या नाट्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२३ मध्ये गेले. त्यांचं नाव यादीत नाही म्हणून गुहागरच्या एका काकांनी माझ्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. 'पूर्वी गुहागरची पोरं शिकायला चिपळूणलाच यायची ना? मग?' हा त्यांचा युक्तिवाद. चुकीचा नव्हता.

देवरुखचे वैभव मांगले. 'टाइमपास'मधला शाकाल कॉलेजच्या पोरांना तोंडपाठ आणि 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण त्यांच्या धाकट्या भावंडांना. एकाच नटानं एका घरातल्या दोन पिढ्या वाटून घेतल्या.

आणि दापोली तालुक्यातल्या पांगारीचे शफी इनामदार. हे नाव सांगितलं की पन्नाशीच्या पुढचे लोक एकदम हसतात, कारण १९८४ साली दूरदर्शनवर लागलेलं 'ये जो है ज़िंदगी' आठवतं. शुक्रवारी ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओटीवर सगळी आळी. 'अर्धसत्य'मधला (१९८३) पोलीस अधिकारीही त्यांचाच, आणि १९९५ चा 'हम दोनों' त्यांनी दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी, पन्नाशीत, गेले. ते आपल्या दापोलीकडचे हे निम्म्या जिल्ह्याला ठाऊक नाही. दाभोळ-बाणकोट पट्ट्यातल्या मुसलमान घरांतून आखातात आणि बोटीवर गेलेल्यांचे किस्से आपण ऐकतो. कॅमेऱ्यासमोर गेलेल्याचं नाव मात्र घेत नाही.

खाली सिंधुदुर्गात गेलं तर रांगच लागते. कुडाळकडच्या सोनवड्याचे संगीतकार वसंत देसाई, आरवलीचे जयवंत दळवी, तेंडोलीचे चिं. त्र्यं. खानोलकर. दळवींच्या 'चक्र'वर हिंदी चित्रपट झाला, खानोलकरांच्या 'चानी'वर व्ही. शांतारामांनी. पण तिथवर मी गेलो तर परत यायला उशीर होईल.

मच्छिंद्र कांबळी?

मालवणचे. 'वस्त्रहरण' गंगाराम गवाणकरांचं, पाच हजारांवर प्रयोग झाले, मालवणी बोली विमानात बसून लंडनला गेली. आमच्याकडे हा प्रश्न कौतुकानं कमी आणि हेव्यानं जास्त विचारला जातो. 'मालवणीचं झालं, मग आमच्या बोलीचं का नाही?' संगमेश्वरी बोली बरीच वर्षं नाटकात फक्त गड्याच्या तोंडी असायची. तिला घराघरांत नेलं ते अलीकडे 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मधल्या प्रहसनांनी. प्रभाकर मोरे आणि ओंकार भोजने बोलायला लागले की आमच्याकडे आजी स्वयंपाकघरातून बाहेर येते. 'आता कसा मान्सासारका बोलतोय,' म्हणते.

नमन-खेळे आणि टीव्हीचा काय संबंध?

वरचं उत्तर वाचलंत तर कळेल. नमनात गण होतो, गवळण होते, मृदंग तापतो आणि मग काळा पेहराव, उंच टोकदार टोपी घातलेला संकासुर येतो. त्याला संहिता नसते. समोर कोण बसलंय ते बघून बोलायचं. पोलीसपाटील बसले असतील तर त्यांच्यावर, कुणाची म्हैस हरवली असेल तर म्हशीवर. हशा आला नाही तर लगेच वळण बदलायचं. टीव्हीवरच्या विनोदी प्रहसनात हेच लागतं. अभिनयाच्या शाळेत ते 'इम्प्रोव्हायझेशन' म्हणून शिकवतात आणि फी घेतात.

शिमग्यात खेळे घरोघर फिरतात. मुंबईच्या चाकरमानी मंडळांनी हेच नमन आणि शक्ती-तुरा परळच्या दामोदर नाट्यगृहात तिकीट लावून केले. तिकीट लावलं म्हणजे माझ्या नियमानं व्यावसायिक. त्यामुळे त्या संकासुराच्या नातवाला मी सांगितलं, 'आजोबांचा एक प्रयोग जरी दामोदरला झालेला असला तर पावती आण.' तो अजून माळा शोधतोय.

यादीत बायका इतक्या कमी का?

हा प्रश्न मला एका विद्यार्थिनीनं विचारला आणि मी दोन दिवस गप्प होतो.

पहिलं कारण सगळ्यांना माहीत आहे. नमनातली राधा पुरुष, दशावतारातली द्रौपदी पुरुष. ज्या गावात स्त्रीची भूमिकाच स्त्रीला मिळत नव्हती तिथून नटी कुठून निघणार? निघाल्या त्या मुंबई-पुण्याला गेल्यावर.

दुसरं कारण मला यादी करताना कळलं. बाईचं नाव टिकत नाही. जन्माची नोंद एका नावानं, लग्नानंतर दुसरं, आणि निर्मात्यानं पडद्यासाठी ठेवलेलं तिसरं. ललिता पवार म्हणजे येवल्याची अंबू सगुण. हे माहीत नसेल तर येवल्यात ललिता पवार शोधून सापडायची नाही. पुरुषाचं तसं नसतं. तो वरेरकर म्हणून जन्मतो आणि वरेरकर म्हणूनच पद्मभूषण घेतो. पुरुषांची नावं मी दफ्तरात शोधली. बायकांची शोधायला आळीतल्या म्हाताऱ्यांकडे बसावं लागलं, आणि त्या म्हाताऱ्याही दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणजे बघा, यादीतली बरीचशी पुरुषांची नावं तिथे आहेत ती त्यांच्या आया चिपळूणच्या म्हणून. आणि आयांचा उल्लेख एका रकान्यापुरता.

कॉलेजचा यात वाटा किती?

यादीपुरता शून्य, कारण नियम जन्माचा. माझ्या मतानं मात्र निम्म्याहून जास्त.

चिपळूण हे कॉलेजचं गाव झालं म्हणजे काय झालं, तर वीस-पंचवीस मैलांतल्या वाड्यांमधली पोरं रोज सकाळी एसटीनं येऊ लागली. कुणी खेळ्यांतून आलेला, कुणी भजनीबुवाचा मुलगा, कुणी गणपतीत आरास करणारा. एरवी ही पोरं एकमेकांना शिमग्यात सुद्धा भेटली नसती, गावांच्या सीमा असतात. कॉलेजच्या एकांकिकेत ती एका सतरंजीवर बसली. मग मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव, आधी आपल्या विभागाची फेरी, त्यातून अंतिमला मुंबई. पुष्कळांनी मुंबईचं पहिलं सभागृह पाहिलं ते असं, प्रेक्षक म्हणून पाहण्याआधी कलाकार म्हणून. राज्य नाट्य स्पर्धेचा रस्ता वेगळा, तिथे गावातली मोठी माणसं.

या सगळ्याचा खरा शत्रू होता वस्तीची गाडी. संध्याकाळची शेवटची एसटी वाडीवर मुक्कामाला जायची. ती चुकली की रात्र स्टँडवर. तालीम पाच वाजता रंगात यायची आणि साडेपाचला नायक दप्तर उचलून पळायचा. त्यामुळे कॉलेजच्या एकांकिकांत मोठ्या भूमिका शहरात खोली घेऊन राहणाऱ्यांना आणि दोन वाक्यांच्या भूमिका गाडीवाल्यांना, असा अलिखित कायदा होता. कितीतरी चांगले नट त्या गाडीनं घरी नेले. एक पोरगा मला आठवतो, ग्रंथालयात शेवटच्या बाकावर बसून सगळ्यांची वाक्यं पाठ करायचा. स्वतःचं वाक्य एकच : 'साहेब, पत्र आलंय.' ते तो इतक्या तऱ्हांनी म्हणून दाखवायचा की मी वाचन थांबवून ऐकत बसे. आज त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. बरं चाललंय.

पूर्वीचे लोक मुंबईला जायचे कसे?

आगबोटीनं. गोवळकोटच्या बंदरातून लाँचनं वाशिष्ठीची खाडी उतरायची, दाभोळला मोठी बोट धरायची आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. पावसाळ्यात बोटी बंद, मग घाटावरून वळसा. पुढे रातराणी एसटी आली. कोकण रेल्वे पूर्ण लांबीनं सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. त्याआधी मुंबईला गेलेला नट 'बघू, जमलं नाही तर परत येऊ' म्हणून जात नसे. रेल्वेनंतरचा जातो, दोन ऑडिशन देतो आणि गणपतीला परत येतो. यातलं चांगलं कुठलं हे मला ठरवता येत नाही.

कोकणात एवढ्या मालिका होतात, मग चिपळुणात शूटिंग का नाही?

'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये आली आणि सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा पर्यटनस्थळ झाला. भुताखेतांच्या चित्रणावरून टीकाही झाली, पण अण्णा नाईक घरोघर पोचले ते पोचलेच. आमच्याकडे तसा वाडा शिल्लक कुठाय? हायवेला लागून होते ते गेले, नदीला लागून होते त्यांना पाणी लागलं. शिवाय दिवसभर ट्रकचे भोंगे. ध्वनिमुद्रण करणाऱ्या एकानं हेडफोन काढून मला विचारलं होतं, 'इथं शांतता किती वाजता असते?' मी म्हटलं, 'संचारबंदीत होती.'

माझ्या मुलाला किंवा मुलीला या क्षेत्रात जायचंय. काय करू?

आधी पदवी पुरी करायला सांगा. हा मास्तरी उपदेश नाही. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय पदवी मागतं आणि आधी नाटकांत काम केल्याचा पुरावाही मागतं. म्हणजे कॉलेजची एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धा यांची प्रमाणपत्रं जपून ठेवा. पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा कालिन्याचा नाट्यविभाग आणि पुण्याचंच फिल्म इन्स्टिट्यूट (एफटीआयआय) हे बाकीचे रस्ते. एफटीआयआयमध्ये कॅमेरा, ध्वनी, संकलन शिकवतात. कुणी लक्ष देत नाही, पण काम तिथे जास्त टिकतं. नटाला मालिका संपली की घरी बसावं लागतं, संकलकाला दुसरी मालिका मिळते.

दुसरं, ऑडिशनसाठी 'रजिस्ट्रेशन फी' मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. चिपळुणातून असे गेलेले पैसे मला ठाऊक आहेत, परत आलेले ठाऊक नाहीत.

तिसरं, दैनंदिन मालिकेचं गणित समजून घ्या. ठाण्याच्या घोडबंदर रोडला, गोरेगावला नाहीतर मढला सेट, बारा-तेरा तासांची शिफ्ट, आणि मानधन पुष्कळदा तीन महिन्यांनी. ते तीन महिने मुंबईत काढायची सोय हवी. पूर्वी गावकीची खोली असायची, एका खोलीत पंधरा माणसं आणि पंधरा ट्रंका. आता मावशी-आत्या. मुंबईत मावशी असणं हे अभिनयाइतकंच महत्त्वाचं आहे.

अमुक प्रसिद्ध नट चिपळूणचा आहे असं मोबाईलवर येतं. त्याचं नाव का नाही?

हयात माणसाचं नाव मी त्याच्या स्वतःच्या तोंडून ऐकल्याशिवाय घालत नाही.

२०२१ च्या पुरात यादीचं काय झालं?

२२ जुलैला पहाटे पाणी चढलं. बाजारपेठेत पहिल्या मजल्याला टेकलं. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या १८६४ सालच्या ग्रंथालयाची पुस्तकं गेली, तिथे माझ्या दोन फुलस्केप कागदांचं काय! मूळ वही घरात खालच्या कपाटात होती. चार दिवसांनी चिखलातून काढली आणि पानं एकेक करून ओसरीवर दोरीला टांगली.

नावं मी शाईच्या पेनानं लिहिली होती, झोकात. सगळी पसरली, निळे डाग राहिले. 'आईचं माहेर' हा रकाना मात्र पेन्सिलीनं भरला होता, खोडायला सोपं जावं म्हणून. तो जसाच्या तसा. पानभर माहेरं, आणि मुलं कुणाची ते नाही. मग ती पानं घेऊन मी आळीआळीनं फिरलो. 'पागेवरच्या अमक्यांची लेक, हिचा कोण तो?' असं विचारत एकेक नाव परत लावलं. दोन राहिली होती, त्यातलं एक परवा मिळालं.

नवीन नाव सुचवायचं तर काय आणू?

जन्माचा दाखला, एखाद्या कामाची पावती किंवा श्रेयनामावलीतलं नाव, आणि आईचं माहेरचं संपूर्ण नाव. पेन्सिलीनं लिहून आणा.